ट्रॅक्टरच्या लोडरला माणूस चढवायची बास्केट: कोणी बनवली आहे का?

पवनाकाठ

नमस्कार मंडळी.

मावळात पवनानगरजवळ आमचं वीस गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. गटर ४.५ मीटरवर, शेंडा ६.५ मीटरच्या आसपास. मागच्या आठवड्यातल्या वळवाने पश्चिमेच्या गेबलवरचा (टोकाच्या भिंतीवरचा) पेपर, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, तो धरून ठेवणाऱ्या झिगझॅग स्प्रिंगसकट उपसून काढला. पाऊस लागायच्या आत तो बसवायचाय. बाहेरच्या बाजूची गटरं साफ करायचीत. शिवाय बांधावरच्या दोन केशर आंब्यांच्या फांद्या पेपरला घासतात, त्या छाटायच्यात. शिडी लावली की पाय मातीत रुततात. वर गेलेला गडी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने स्प्रिंग दाबणार कसा?

घरी ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्याला शेणखत भरायला जुना घेतलेला फ्रंट लोडर. पूर्ण उचलला की बकेटची पिन तीन मीटरच्या थोडी वर जाते. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची बास्केट करू, खाली दोन हूक देऊ, बकेटच्या ओठावर अडकवू आणि साखळीने बांधू. सामान आणलं तर दोन दिवसांत देतो म्हणाला.

माझे प्रश्न असे. पाइप किती जाडीचा घ्यावा? साखळी पुरेल की बोल्ट हवेत? कठडा किती उंच? आंब्याच्या पलीकडून महावितरणची लाइन जाते, तिच्यापासून किती लांब राहायचं? "करू नका" एवढंच सांगणार असाल तर कारणासकट सांगा. नुसतं "करू नका" वडिलांनी आधीच सांगून झालंय.

शिरूरचा ऊसवाला

भाऊ, एवढा विचार कशाला? आमच्याकडे बकेटमध्येच उभे राहतात. निवडणुकीत बघा, अख्ख्या पुणे जिल्ह्यात जेसीबीच्या बकेटमधून पोरं फुलं उधळतात, गुलाल उधळतात. काय झालं कोणाला? करून टाका.

भोसरीचा फॅब्रिकेटर

शिरूरकर, मिरवणुकीतल्या जेसीबीचं वजन सात-आठ टन असतं, तो डांबरी रस्त्यावर उभा असतो आणि पोरं फुलं टाकून दहा मिनिटांत खाली येतात. तरीही ते चूकच आहे. इथे गडी ओल्या मातीवरच्या ट्रॅक्टरवर अर्धा दिवस दोन्ही हातांनी जोर लावून काम करणार आहे. ही दोन कामं एका मापात बसत नाहीत.

पवनाकाठ, माझा धंदा फॅब्रिकेशनचा. फोर्कलिफ्टवर लावायचे पिंजरे आम्ही बनवतो. लोडरवरची बास्केट मागायलाही लोक येतात, त्यांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. तुम्ही कारण मागितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बास्केट, कारण तो सोपा भाग आहे. १.२ बाय ०.७५ मीटरचा तळ धरा. ४० बाय ४० बाय ३ मिमीचा पाइप मीटरला साधारण ३.४ किलो भरतो. तळाची चौकट, मधले दोन आडवे, सहा उभे खांब, वरची आणि मधली पट्टी असा हिशोब केला तर वीस मीटरच्या आसपास पाइप लागतो, म्हणजे सत्तरेक किलो. तळाला ३ मिमीचा चेकर्ड पत्रा, कडेने पकड किंवा स्प्रिंग खाली पडू नये म्हणून चार इंच उंचीची पट्टी, आणि मागे जाड प्लेटचे कान. सगळं मिळून सव्वाशे किलो. ८० किलोचा माणूस आणि हत्यारं धरली तरी सव्वादोनशेच्या पुढे जात नाही. तुमचा लोडर शेणखताची भरलेली बकेट रोज उचलतो, त्याला हे वजन काहीच नाही. लोक इथेच फसतात. वजन उचललं जातंय म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं.

कठडा ४२ इंच, मध्ये एक पट्टी. वरच्या पट्टीला बाहेरच्या दिशेने ९० किलोचा जोर दिला तरी ती हलता कामा नये. दार आत उघडणारं आणि आपोआप मिटणारं हवं. दाराऐवजी साखळी लावू नका, माणूस सवयीने तिला टेकतो. लोडरच्या आर्मच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत जाळी हवीच, नाहीतर तोल सावरताना हात सरळ आर्मच्या हलत्या सांध्यांमध्ये जातो. चौकोनी पाइपच्या खालच्या टोकांना ६ मिमीची भोकं ठेवा. बंद पाइपमध्ये पाणी साचलं की तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग मात्र नवा दिसतो.

वेल्डिंग. गावात सगळं ६०१३ च्या रॉडने होतं, गेट-ग्रिलला ते चालतं. मागच्या कानांना मी ७०१८ नंबरचा रॉड वापरतो, तोही ओव्हनमध्ये तापवून कोरडा केलेला. मग डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने वेल्डमधली चीर शोधायची. तीन डबे असतात. पहिल्याने वेल्ड पुसायचा, दुसऱ्यातला लाल रंग मारून थोडा वेळ थांबायचं, वरचा लाल पुसून तिसऱ्यातली पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. उघड्या डोळ्यांना छान, चकचकीत, माशाच्या खवल्यांसारखा दिसणारा वेल्ड असतो, आणि टोकाला बरोबर जिथे रॉड उचलला तिथे ती रेघ येते. तुमचा वेल्डिंगवाला ही टेस्ट करतो का, विचारून बघा.

आता तुमचे हूक आणि साखळी. बकेटच्या ओठावर अडकवलेली वस्तू बकेटबरोबर कलते. साध्या लोडरला स्वतःहून लेव्हल धरायची सोय नसते. आर्म खालून वर जाताना जेवढा फिरतो तेवढीच बकेटही मागे, ट्रॅक्टरच्या बाजूला झुकते. शेणखत भरताना ते बरंच असतं, माल सांडत नाही. बास्केटमध्ये मात्र माणूस पाठीवर पडायला लागतो, म्हणून ड्रायव्हर सारखा दुसरा लिव्हर मारून बकेट सरळ करत राहतो. तो थोडा जास्त दाबला गेला की बकेट रिकामी होते. बकेट बनवलीच आहे ओतण्यासाठी. हूक सुटले नाहीत आणि साखळी तुटली नाही तरी आतला माणूस ओतला जातो.

त्याच लिव्हरची दुसरी गंमत. आर्म खाली घ्यायला लिव्हर पुढे ढकलतात, आणि अगदी शेवटपर्यंत ढकलला की बऱ्याच लोडरवर तो खटकन फ्लोटमध्ये अडकतो. जमीन सपाट करताना बकेट जमिनीच्या चढउतारावर तरंगावी म्हणून ही सोय आहे. फ्लोटमध्ये सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात, आर्मला खालून कसलाच आधार उरत नाही आणि तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. वर माणूस असताना खालच्याने घाईत लिव्हर ढकलला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. होज फुटला तरी हेच. जुना लोडर म्हणालात, त्याचे होज वाकवून बघा. वळणावर रबराला बारीक भेगा दिसतील.

आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टर. पुढचा ॲक्सल मध्यभागी एका पिनवर झुलतो, नांगरटीत चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून. त्यामुळे ट्रॅक्टर दिसतो चार चाकांवर, पण उभा असतो तीन पायांच्या स्टुलासारखा: दोन मागची चाकं आणि पुढची ती पिन. मागच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गटराच्या पाण्याने भिजलेल्या मातीत एक चाक १० सेंटिमीटर खचलं तर ४.५ मीटरवर असलेला माणूस ३० सेंटिमीटर बाजूला जातो. जातो म्हणजे झटका बसतो. त्या झटक्याने वजन आणखी त्याच चाकावर येतं आणि ते आणखी खचतं. मागे वजन लावलं नसेल तर ट्रॅक्टर पुढेही झुकतो. खत भरताना बकेट खालीच असते म्हणून हे आजवर तुमच्या लक्षात आलं नसेल.

लोडरच्या मॅन्युअलमध्ये साधारणपणे बकेटमध्ये उभ्या माणसाचं चित्र असतं आणि त्यावर लाल फुली. ते वकिलांच्या भीतीने छापलेलं नाही.

महावितरणचा जुना वायरमन

लाइनपुरतं बोलतो, बाकीचं काका बोललेत.

खांबावर तीन तारा आणि मोठे इन्सुलेटर असतील तर ती ११ केव्हीची समजा. तार उघडी असते, तिच्यावर कसलंही कव्हर नसतं. माणूस, करवत, बास्केट आणि छाटलेली फांदी पडताना जिथवर जाईल ती जागा, हे सगळं तारेपासून ३ मीटरच्या बाहेर राहिलं पाहिजे. ओली फांदीही करंट आणते. रबरी टायर आहेत म्हणून आपण वाचतो ही समजूत सोडा, ११ केव्हीला तुमचे चिखलाने माखलेले टायर मोजतही नाहीत.

लाइट गेली म्हणून लाइन बंद समजायची नाही. शेतीची थ्री फेज पाळीने येते, आणि पाळी कधी बदलली हे गडी सांगू शकत नाही. कोणाच्या जनरेटरचा उलटा सप्लायही येतो. फांद्या लाइनजवळ असतील तर सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. शटडाउन घेऊन आमचीच माणसं छाटतात, पावसाळ्याआधी ती कामं निघतातच. अडचण आली तर १९१२ वर फोन करा.

आणि चुकून ट्रॅक्टर तारेला लागलाच तर ड्रायव्हरने उतरायचं नाही. सीटवर बसून राहायचं, कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर एक हात ट्रॅक्टरवर आणि एक पाय जमिनीवर असं कधीच नाही. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जुळलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब जायचं.

पवनाकाठ

भोसरीचे काका, फार आभार. फ्लोटचं मी आज जाऊन बघितलं. खरंच, लिव्हर शेवटाला खटकन बसतो. आजवर ते लिव्हर ढिलं झाल्याचं लक्षण वाटायचं.

दोन शंका. एक, चाकणला एका कारखान्यात फोर्कलिफ्टवर पिंजरा लावून लोक ट्यूबलाइट बदलताना पाहिलेत. ते चालतं तर हे का नाही? दोन, हायड्रॉलिकवाला म्हणतो लॉक व्हॉल्व्ह बसवला की होज फुटला तरी आर्म जागेवर राहतो. मग प्रश्न मिटला ना?

भोसरीचा फॅब्रिकेटर

फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे उचलणारा खांब, सरळ उभा असतो. पिंजरा जसा खाली आडवा, तसाच वर आडवा. तुमचा आर्म कमानीत फिरतो: आधी पुढे जातो, मग वर जाता जाता मागे येतो. गटराच्या पन्हळीखालून वर जाताना कठडा आणि पन्हळ यांच्यामध्ये माणसाचं मनगट किंवा मान सापडते. फोर्कलिफ्ट काँक्रीटच्या फरशीवर उभी असते आणि तिच्या मागे तिचंच काउंटरवेट असतं. एवढं असूनही ब्रिटनची एचएसई ही कामाच्या जागची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था सांगते की ज्या पिंजऱ्यात आतल्या माणसाच्या हाती कंट्रोल नाही, तो ठरलेल्या रोजच्या कामाला वापरायचा नाही, क्वचित अडल्यावेळीच. चाकणला जे दिसलं ते त्या अडल्यावेळीतलं असेल असं धरून चालू.

लॉक व्हॉल्व्हबद्दल हायड्रॉलिकवाला खरं बोलतोय, पण अर्धं. तो सिलिंडरच्या पोर्टवरच थेट बसला पाहिजे. मध्ये होजचा तुकडा आला तर तोच तुकडा फुटेल. दोन्ही लिफ्ट सिलिंडरना हा व्हॉल्व्ह लागतो. टिल्टच्या, म्हणजे बकेट कलवणाऱ्या, सिलिंडरना तो दोन्ही बाजूंनी लागतो, नाहीतर आर्म थांबेल आणि बकेट ओतेल. शिवाय हा व्हॉल्व्ह उघडायला पंपाचं प्रेशर लागतं. वर माणूस असताना इंजिन बंद पडलं तर नुसता लिव्हर ढकलून आर्म खाली येणार नाही. आर्म पडत नाही हे चांगलं, पण माणूस वर अडकला, म्हणजे बाजूला शिडी तयार हवी. आणि व्हॉल्व्ह लावला तरी ड्रायव्हरची चूक, खचलेलं चाक आणि मागचं वजन हे तीन प्रश्न जागच्या जागी आहेत.

आता मन मोठं करून समजा की सगळं केलं. बकेट काढून बास्केट थेट लोडरच्या पिनांवर, टिल्टला व्हॉल्व्ह, फ्लोटच्या जागी लिव्हर जाऊच नये म्हणून लोखंडी अडथळा, ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट जोडणीवर वजन, चाकांखाली फळ्या, ड्रायव्हर सीटवरून हलणार नाही आणि वर माणूस असताना ट्रॅक्टर एक इंचही चालणार नाही. वर सिमेंटची आठ पोती, म्हणजे ४०० किलो, ठेवून अर्धा तास उभं करून बघितलं, आर्म किती उतरला त्याची खडूने खूण केली. अंगावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा पूर्ण हार्नेस, कंबरेचा पट्टा नव्हे. दोरी आखूड, बास्केटच्याच कड्याला. आंब्याला किंवा पॉलिहाऊसला बांधली तर आर्म खाली जाताना माणूस वर लटकेल. एवढं सगळं केल्यावर तुमची बास्केट गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या दोन दिवसांची राहत नाही, आणि जो खर्च येईल त्यात एच फ्रेमची (एच आकाराच्या लोखंडी चौकटींची) परांची किती महिने भाड्याने मिळेल ते तळेगावला एखाद्या सेंटरिंगवाल्याला विचारा.

अंजीरवाली, सासवड

मध्येच बोलते. आंब्यांसाठी ट्रॅक्टर कशाला हवा? आमच्याकडे अंजिराला तीन पायांची शिडी वापरतो. पुढचे दोन पाय रुंद, मागचा एक लांब पाय फांद्यांच्या आत सारता येतो. चार पायांची शिडी उंचसखल जमिनीत डुगडुगते, ही डुगडुगत नाही. फक्त मागचा पाय चढावर ठेवायचा, उतारावर नाही, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. उरलेल्या फांद्यांना लांब दांड्याची करवत घ्या, खाली उभं राहूनच होतं. लाइनकडच्या फांद्यांना मात्र ॲल्युमिनियमची शिडीही नको आणि ॲल्युमिनियमच्या दांड्याची करवतही नको.

आणि दादा, केशर आहे म्हणता, तर फळ उतरल्याबरोबर छाटा. उशीर केला तर पुढच्या मोहोरावर जातं.

पवनाकाठ

ताई, फळ परवाच उतरलंय, आता लगेच छाटतो. तीन पायांची शिडी सासवडलाच मिळते का कळवा, रविवारी येऊन घेऊन जाईन.

लाइनकडच्या फांद्यांचा अर्ज आज सेक्शन ऑफिसला दिला. गेबल आणि गटरासाठी तळेगावच्या सेंटरिंगवाल्याशी बोललो, एच फ्रेम आणि चाकं मिळतायत. लोडर वापरणारच आहे, पण माणसासाठी नाही. नवा पेपर ४० मीटर लांब, ९ मीटर रुंद, २०० मायक्रॉनचा. तो रोल ६५ किलोच्या आसपास भरेल. तो बकेटमध्ये ठेवून वर नेतो, परांचीवरचे दोघे उलगडून घेतील. हे चालेल ना काका? चाकं घेऊ का?

भोसरीचा फॅब्रिकेटर

रोल वर न्या, पण बकेटखाली कोणी उभं नको, आणि बकेट परांचीला टेकवू नका. एका धक्क्यात परांची जाईल. हातभर लांब थांबवा, रोल दोरीने ओढून घ्या.

चाकं घेऊ नका. ओल्या मातीत ती फिरत नाहीत, रुततात, आणि रुतलेलं चाक ढकलायला खालचा गडी जोर लावतो तेव्हा वरचा हलतो. बेस प्लेट घ्या आणि खाली जाड फळ्या. पुढच्या जागी न्यायची तर माणूस उतरवून, परांची सोडून परत उभी करा. कंटाळवाणं आहे, पण तसंच करा. १.२ मीटरच्या पायावर ३.६ मीटरपर्यंतच फळी टाका. गेबलच्या शेंड्याला त्याच्या वर जावं लागेल, तेव्हा चारही कोपऱ्यांना तिरपे आधार लावून पाया रुंद करून घ्या. पॉलिहाऊसच्या पर्लिनला, म्हणजे छताच्या आडव्या पाइपला, परांची बांधायची नाही, ती पत्र्याच्या वजनालाही बनवलेली नसते. सगळ्या क्रॉस कैच्या बसल्यात का, पिना आहेत का, हे रोज सकाळी स्वतः हात लावून बघा. सेंटरिंगवाले अर्ध्या पिना हरवून देतात आणि जागी बाइंडिंगची तार पिळतात.

पेपर सकाळी वारा पडलेला असताना घ्या. दुपारी मावळात वारा सुटला की नऊ मीटरचा पेपर दोघांना उचलतो. आणि फ्रेमच्या ज्या कडा पेपरला लागतील तिथे जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा, नाहीतर नवा पेपर पहिल्याच दिवशी फाटेल.